सात नंबरची बाटली

४ एप्रिल

चि. सौ. दुर्बीणबाई,

आशीर्वाद. जपून वापर, कारण हे पत्र वाचून झाल्यावर पुढचे कधी मिळतील ते तुझ्या उत्तरावर आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. एक म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, मी या डायलिसिसच्या मशीनला बांधलेली असते. नळी गळ्याजवळ आहे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे, आणि मोकळे हात मला कधी मानवले नाहीत. दुसरं म्हणजे फोनवर तू फार गोड बोलतेस. कागदावर गोड बोलायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस चुकून खरं लिहून जातो.

तर मुद्द्यावर येते. जानेवारीत माझ्या वाढदिवसाला तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या ढब्याने, भरल्या टेबलावर सगळ्यांसमोर जाहीर केलं की ताई, माझ्याकडे दोन आहेत, त्यातली एक तुझी. मी रडले. तूही रडलीस, मी पाहिलं. तुझा रक्तगट जुळत नाही हे आधीच कळलं होतं, त्याचा जुळतो. चार वर्षांपूर्वी मला हा वडिलांचा आजार निघाला, किडनीत पाण्याचे फुगे होण्याचा, तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही सोनोग्राफी करायला लावली होती. ती साफ आली, असं त्यानेच सांगितलं. म्हणजे राहिल्या फक्त देणाऱ्याच्या तपासण्या. दोन दिवसांचं काम.

फेब्रुवारीच्या शेवटी तारीख मिळाली. तुझा फोन आला, त्याच्या ऑफिसात इन्स्पेक्शन आहे. मार्चमध्ये दुसरी तारीख. तुझा फोन, त्याला खोकला आहे. तिसरी तारीख परवा गेली. पुन्हा तुझाच फोन, प्रयोगशाळेत गडबड आहे आणि तुला रजा नाही. तपासण्या त्याच्या आहेत की तुझ्या?

मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि तितकीच वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. तीन मुलांनी तीन कारणं सांगितली तर मी सोडून देते. एकाच मुलाने तीन कारणं सांगितली की त्याचे खिसे तपासते. तुझ्या खिशात काय आहे?

ताई


१३ एप्रिल

ती. ताई,

नमस्कार. दुर्बीण लांबचं बघायला असते. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, हे मी लग्नापासून सांगतेय.

खिशात काही नाही हो. इन्स्पेक्शन होतं, खोकलाही होता, आणि मला खरंच रजा नाही. तुम्ही नेहमी विचारता ना, त्या अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर बघतेस तरी काय, तर आज सांगूनच टाकते, म्हणजे गडबड कसली ते कळेल.

किडनीत बारीक नळ्या असतात. नळीच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं आणि त्यातल्या बहुतेक प्रत्येक पेशीला एकच केस असतो. नळीतून पाणी वाहिलं की तो केस वाकतो, आणि केस वाकला की पेशीत कॅल्शियम शिरतं. हाडात असतं तेच कॅल्शियम, पण इथे त्याचं काम निरोप्याचं. पाणी वाहतंय, सगळं ठीक आहे, उगाच वाढत बसू नका, असा निरोप. आम्ही पेशींना एक रंग पाजतो. कॅल्शियम आलं की तो रंग चमकतो. मग छोट्या पंपाने पेशींवरून पाणी सोडायचं आणि बघत बसायचं. निरोगी पेशी लुकलुकतात, एक लुकलुकली की शेजारची, मग तिच्या शेजारची. तुमच्या आजारात पेशींना पाणी वाहिलेलं कळतच नाही, निरोप पोचत नाही आणि त्या वाढत सुटतात, असा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा कयास आहे. सगळे शास्त्रज्ञ तो मान्य करत नाहीत. म्हणून तर आम्ही बसलोय.

सध्या आमच्या एका नमुन्याने घोळ घातलाय आणि सगळं पुन्हा करावं लागतंय. म्हणून रजा नाही. तारीख मी घेतेच आहे. थोडं थांबा.

तुम्ही पाणी मोजून पिता ना? पायांची सूज कशी आहे?

तुमची भावजय


२१ एप्रिल

चि. सौ. दुर्बीणबाई,

सूज आहे तिथेच आहे. पाणी मोजूनच पिते. पेला मोठा घेतलाय, एवढीच लबाडी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पेशींवर एक पान आणि मी विचारलेल्या गोष्टीवर चार ओळी. ज्या मुलाला उत्तर येत नाही तो प्रश्न सुंदर अक्षरात उतरवून काढतो आणि खाली दोन रेघा मारतो. तुझ्या पत्राखाली मला त्या दोन रेघा दिसल्या.

म्हणून मी त्याच्या ऑफिसात फोन केला. त्याला नव्हे, तिथल्या टेलिफोनवालीला. फेब्रुवारीत इन्स्पेक्शन होतं का हो? ती म्हणाली, आमच्याकडे इन्स्पेक्शन ऑक्टोबरात असतं. मग दवाखान्यात फोन केला. तिसरी तारीख कुणी रद्द केली? म्हणाले, मिसेसनी.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त बस कंडक्टर असतात. रक्तगट माझाच, स्वभावही माझाच, सगळ्यांची तिकिटं तपासणारा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, बाई, भाऊ आपला असतो, त्याची किडनी भावजयीची असते. सिस्टरसुद्धा हसली. मी हसले नाही.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुला भीती वाटत असेल तर तसं लिही. माझ्या नवऱ्याला कापू नका, असं एका ओळीत लिही, मी पुन्हा विचारणार नाही. तुझ्या जागी मीही कदाचित तेच लिहिलं असतं. पण मला असं खोट्या कारणांवर झुलवत ठेवू नकोस. इथे तारखांना किंमत आहे.

ताई


६ मे

ती. ताई,

टेलिफोनवालीपर्यंत पोचलात. बरं.

इन्स्पेक्शन नव्हतं. तिन्ही तारखा मीच रद्द केल्या. का, ते आज सांगता येत नाही. पण तुम्ही लिहिलंत ते कारण नाही. माझ्या नवऱ्याला कापू नका असं मी म्हणत नाहीये. जानेवारीत मी रडले ते खरं रडले होते.

मला एक प्रयोग पुन्हा करायचा आहे. तो झाला की कळवते. हसाल तुम्ही, की हिच्या प्रयोगाचा आणि माझ्या किडनीचा काय संबंध. हसा.

घोळ घालणारा जो नमुना लिहिला होता तो सात नंबरचा. निरोगी माणसाचा आहे. निरोगी म्हणजे लुकलुकायलाच हवा. पाणी सोडलं, काही नाही. जोरात सोडलं, काही नाही. पेशी मेल्यात म्हणावं तर छान वाढतायत, जरा जास्तच छान. मी तीनदा केलं. पंप बदलला, रंगाची नवी बाटली फोडली. मग मला समोरच्या टेबलावरच्या सहकारिणीचा संशय यायला लागला. ती आजारी माणसांचे नमुने सांभाळते, मी निरोग्यांचे, आणि पेशी वाढवायच्या दोघींच्या बशा एकाच कपाटात असतात. तिने एखादी बशी इकडची तिकडे केली असेल तर सगळा उलगडा होतो. मी बाईंकडे तिची तक्रार केलीय. आता आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही.

असं कुणावर संशय घेणं मला शोभत नाही, कळतंय. पण तिची चूक निघाली तर मी देवाला नारळ फोडेन, इतकी ती मला हवी आहे.

थांबा अजून थोडं. पाया पडते.

तुमची भावजय


१५ जून

सौ. भावजयीस,

आज दुर्बीणबाई लिहायचं मन नाही.

नळीत जंतू झाले. थंडी वाजून ताप, आठ दिवस दवाखान्यात. तू दोनदा फोन केलास, मी घेतला नाही. जुनी नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली. डॉक्टर म्हणाले असं होत राहतं, जितके दिवस नळी तितके दिवस धोका.

दवाखान्यात पडल्यापडल्या मी ढब्याला थेट लिहिलं. इतके दिवस त्याला लिहिलं नव्हतं, लाज वाटायची, मागितल्यासारखं होतं. त्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते. 'ताई, तिचं मन होत नाही. तिच्या मनाविरुद्ध मी कसं करू? तू तरी समजून घे.'

समजून घेतलं.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतराची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याच्या वहीतली चित्रं काढण्यापर्यंत सगळं मी केलं. ते काही मी परत मागत नाहीये. पण तू कधी पेशी, कधी पंप, कधी सहकारीण, असं लिहून मला अडीच महिने फिरवलंस. सरळ नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला कधी राग आला नाही. मी मरायची वाट बघत असाल तर तसं सांगा, म्हणजे मीही त्या हिशेबाने पांघरूण घेते.

कंडक्टर म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. त्यांना काय जातंय म्हणायला.

ताई


२० जून

ताई,

तुमचं पत्र मिळाल्यावर मी जिन्यातच बसून राहिले. वरच्या मजल्यावरची बाई विचारत होती, चक्कर आली का. आता जे लिहितेय ते लिहायला मला नोकरीच्या नियमाने बंदी आहे. जाऊ दे.

सात नंबर म्हणजे तुमचा ढब्या.

पेशी कुठून मिळतात ते मी तुम्हाला मुद्दामच सांगितलं नव्हतं. लघवीतून थोड्या पेशी गळून येतात, त्या बशीत वाढवता येतात. आजारी माणसांच्या बाटल्या दवाखान्यातून येतात. निरोग्यांच्या कोण देणार? मग आम्ही आपल्या घरून आणतो. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाचा घरमालक. बाटलीवर नाव घालायचं नाही, नंबर घालायचा, आणि काय निघालं ते देणाऱ्याला सांगायचं नाही, कारण ही काही दवाखान्याची तपासणी नव्हे. डिसेंबरात तुम्ही डॉक्टरांना दाखवायला आमच्याकडे दहा दिवस होतात, तेव्हाच मी यांना बाटली दिली होती. सोनोग्राफी साफ असलेला माणूस, यापेक्षा निरोगी कोण.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा पाणी सोडलं आणि खोलीत एकटीच बसले होते. सगळं काळं. एकही पेशी लुकलुकली नाही. तुमच्या पेशी अशाच दिसतील, हे मला लगेच कळलं.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? त्यांना सांगू? बशीतल्या खेळावरून नवऱ्याला आजार सांगायचा? त्यांना तपासणीला पाठवू? तिथे दिसलं असतं तर त्यांना स्वतःचं कळलं असतं आणि त्याच दिवशी तुमची आशा गेली असती. एका फटक्यात दोघं. मला वाटलं, आधी माझी चूक निघू दे. म्हणून पंप, म्हणून सहकारीण. पाचव्यांदा केलं परवा. तेच. मला घाबरट म्हणा, पण कंजूष म्हणू नका.

आणि एक गोष्ट. तुमच्या पत्रातली त्यांची ओळ मी दहादा वाचली. मी त्यांना कधीही नको म्हटलेलं नाही. तारखा पुढे गेल्या तेव्हा दवाखान्यानेच ढकलल्या असं सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. मग 'तिचं मन होत नाही' हे त्यांना कुणी सांगितलं? काल जेवताना मी सहज विचारलं, ताईंचं पत्र आलं होतं का? नाही म्हणाले. कुठेतरी पाणी मुरतंय, ताई, आणि मला सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीये.

तुमची भावजय


२६ जून

चि. सौ. दुर्बीणबाई,

आधी खुर्चीत नीट बस.

ती बाटली माझी आहे.

डिसेंबरातली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. तू आठला गेलीस. ढब्या बाथरूममधून रिकामी बाटली घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, ताई, मला नाही होत, भर ना तू, तिला काय कळतंय. मी म्हटलं, अरे माझं कसं चालेल, मी आजारी. तर म्हणाला, असं काही नसतं, त्यांना नुसत्या पेशी मोजायच्या असतात. मी भरली. अगं, त्याच्या शाळेतले निबंध मी लिहिले, नकाशे मी रंगवले, एकदा त्याच्या वतीने माफीचं पत्रसुद्धा मी लिहिलं. अख्ख्या शाळेच्या कॉप्या पकडणारी बाई घरी येऊन भावाला कॉपी पुरवायची. सवय मेली तरी जात नाही.

तू काय तपासत होतीस कळलं का? माझ्या किडनीला आजार आहे हे तू पाच वेळा सिद्ध केलंस. ते मला चार वर्षांपूर्वी फुकट सांगितलं होतं.

मी किती हसले म्हणून सांगू. सिस्टर धावत आली, मशीन बिघडलं असं वाटलं तिला. तुझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही. त्याची सोनोग्राफी साफ आहे, तू उगाच चार महिने जीव टांगून बसलीस आणि माझाही टांगलास. मला तुझा रागही आला आहे, खोटं कशाला बोलू. एकदा विचारलं असतंस तर एका ओळीत मिटलं असतं. पण मीही तुझ्यावर नाही नाही ते लिहिलं. मेलेली आशा उठून बसली की माणूस माफ करायला मोकळा होतो.

आता वेळ घालवू नकोस. सोमवारी त्याला तपासणीला घेऊन जा. हाताला धरून ने.

पाणी मुरतंय म्हणतेस ते सोडून दे. लाजाळू आहे तो. भीतीपोटी बोलला असेल काहीतरी. मी ओळखते त्याला.

ताई


९ जुलै

ताई,

सोमवारी गेलो नाही. का ते सांगते.

तुमचं पत्र आलं तेव्हा मीही आधी हसले, मग रडले, मग पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बाटली ताईंनी भरली होती, हे खरं का? हो म्हणाले. म्हटलं, मग उद्या तपासणीला चला. ते उठले, कपड्यांच्या कपाटातून वरची सुटकेस काढली आणि अस्तराच्या आतून एक पाकीट माझ्या हातात दिलं.

चार वर्षांपूर्वीची सोनोग्राफी. दोन्ही किडन्यांत फुगे. डावीकडे नऊ मोजलेत, उजवीकडे मोजायचे सोडून दिलेत.

तेव्हापासून त्यांना माहीत होतं. साफ आहे असं सांगून मोकळे झाले आणि पुन्हा डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. बाटली तुमच्याकडून भरून घेतली ती यासाठी, की माझ्या बशीत आपण दिसू नये. तुमची भरली तर तेच दिसेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मी विचारलं, मग वाढदिवसाला जाहीर कशाला केलंत? म्हणाले, सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा बघत होती. तोंडातून गेलं. नंतर परत घेता येईना. मग मी तारखा रद्द करायला लागले, आणि यांनी माझे फोन दाराआडून ऐकले. मी का करतेय ते कळलं नाही, पण सुटका झाली असं वाटलं. बायको आड आली की नवरा सुटतो. जगात सगळ्यांना पटतं ते. तुम्हालाही पटलं.

माझा संशय सहकारिणीवर होता, स्वतःच्या हातांवर होता, पंपावर होता. एकाच माणसावर नव्हता आणि तो रोज माझ्या शेजारी झोपत होता.

तिची माफी मागायला गेले. ती वही काढून बसली. माझ्या तक्रारीनंतर स्वतःची बाजू सिद्ध करायला तिने मेमध्येच सात नंबरच्या पेशी तपासल्या होत्या, बाईच्या की पुरुषाच्या. बाईच्या निघाल्या. साधी तपासणी, आम्ही नव्या नमुन्याला पहिल्याच दिवशी करायला हवी होती. केली नाही, कारण बाटली माझ्याच घरून आली होती. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तीनदा तुझ्या टेबलापाशी आले, तू तोंड फिरवलंस.

घरात मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. राग एवढा आहे की घासलेलं भांडं पुन्हा घासते. आणि त्याखाली भीती आहे, ती वेगळीच. त्यांचा रक्तदाब मी काल मोजला. आकडा तुम्हाला लिहीत नाही.

एकच विचारायचं आहे आणि विचारायला जीभ रेटत नाही. मेलेल्या माणसांच्या किडन्या मिळतात त्या यादीत तुमचं नाव आहे ना, ताई? कधी घातलंत?

तुमची भावजय


३ ऑगस्ट

चि. सौ. दुर्बीणबाई,

आशीर्वाद, आणि यावेळी मोजून नाही.

उत्तराला उशीर केला. आधी चार पानं राग लिहिला होता, तो फाडला. मला माझ्या मूर्खपणाचा त्याच्याहून जास्त राग आला. लाजाळू आहे म्हणे, मी ओळखते त्याला म्हणे. हॉलमध्ये फेऱ्या मारताना माझ्या नजरेतून एक चिठ्ठी सुटली नाही, आणि हा पहिल्या बाकावर बसून चार वर्षं लिहीत होता.

तुझंही ऐकून घे. तुझं उत्तर बरोबर आलं, रीत सगळी चुकली. माझ्या वर्गात याला शून्य.

गेल्या मंगळवारी तो आला. तू पाठवलंस की आपणहून, विचारलं नाही. दारातच उभा राहिला. कंडक्टर ओरडले, पुढे सरका, आत जागा आहे. मग स्टुलावर येऊन बसला. तासभर मशीनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. दुखतं का, म्हणाला. मी म्हटलं, कंटाळा येतो. मग खाली बघत म्हणाला, मला कधी लागेल?

दोन थपडा द्यायचं ठरवून ठेवलं होतं मी. एक दिली. दुसरी तुझ्या वाट्याची आहे, सवडीने दे. मग म्हटलं, कागद दाखव. नव्या सोनोग्राफीचा कागद होता, तुझ्याच मागे लागण्याने काढलेला, ते कळलं. मी माझा जुना कागद मागवून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवून किडन्यांचे सेंटिमीटर ताडून बघितले. माझ्या त्या वेळच्या आकड्यांपेक्षा त्याचे कितीतरी कमी आहेत. डॉक्टर म्हणतात गोळी चुकवली नाही, रक्तदाब आवरला, तर पंधरा वर्षं काढेल, जास्तही. तुला काय सांगू, मला त्याची किडनी हवी होती, आणि ती आता कधीच मिळणार नाही हे सांगणारा कागद हातात धरून मला आनंद झाला. पोटातून झाला. इतका की मलाच माझी लाज वाटली.

त्याच्याशी बोल. माझ्यासाठी नाही. घाबरलेला माणूस गप्प बसलेल्या घरात गोळ्या घेत नाही, वडिलांचं मी पाहिलंय.

आता तू विचारलंस ते. यादीचा फॉर्म मला जानेवारीतच दिला होता. डॉक्टर म्हणाले सही करून ठेवा, नंबर तारखेवर लागतो. मी म्हटलं, मला भाऊ आहे. फार ऐटीत म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. फॉर्म मशीनच्या बिलांखाली ठेवून दिला. त्यानंतर सही करायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं, म्हणून जूनमध्येसुद्धा केली नाही. शेवटी बुधवारी केली.

कंडक्टरांनी त्यांचा फॉर्म फेब्रुवारीत भरला होता. शुक्रवारी त्यांना फोन आला. आमचा रक्तगट एकच. ऑपरेशन झालं, बरे आहेत म्हणतात, सिस्टरने पेढ्यासारखं तोंड करून सगळ्यांना सांगितलं. शेजारची खुर्ची आज रिकामी आहे.

मंगळवारी निघताना ढब्याने दारातून वळून विचारलं होतं, ताई, यादीत नाव आहे ना तुझं? मी म्हटलं, जानेवारीपासून आहे.

तुलाही विचारील. जानेवारीच सांग.

ताई